हौसेला मोल नाही, हप्त्याला आहे

आपल्याकडे 'हौसेला मोल नाही' असं म्हणतात. मागच्या वर्षी गणपतीच्या दिवसांत आमच्या घरी या म्हणीची चांगलीच परीक्षा झाली. दादाला एक जुनी प्रीमियर पद्मिनी मिळत होती. रोज कामावर न्यायला त्याची मोटारसायकल आहे, त्यामुळे गाडीची गरज अशी काही नव्हती. हौस होती. आमचे आजोबा तसलीच गाडी चालवायचे आणि दादा त्यांच्या मांडीवर बसून स्टीअरिंग धरायचा, एवढं एकच कारण त्याला पुरेसं होतं.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. व्याजाची गणितं वर्गात बरीच केली होती, पण घरातल्या माणसासाठी पहिल्यांदाच केली. मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा वाटलं, हेच लिहावं. आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकाला कसली तरी हौस होणार. कुणाला जुनी जीप, कुणाला बुलेट, कुणाला कॅमेरा. हिशेबाची पद्धत सगळ्यांना एकच लागते.

गाडी कोणती होती?

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यात ती बनायची. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७०च्या दशकात तिलाच 'पद्मिनी' हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं. २०००च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, ती बातमी तुम्हीही वाचली असेल.

दादाने पाहिलेली गाडी १९९६ची, गडहिंग्लजची, म्हणजे एमएच-०९ पासिंगची. मालक एक लाख ऐंशी हजार मागत होते. दादाकडे तीस हजार होते. उरलेले दीड लाख कुठून आणायचे, हा प्रश्न होता.

बँक काय म्हणते

पहिली गोष्ट कळली ती अशी, की इतक्या जुन्या गाडीला 'कार लोन' मिळत नाही. जुन्या गाडीला कर्ज देताना बहुतेक बँका गाडीचं वय बघतात. कर्ज फिटेपर्यंत गाडी साधारण दहा वर्षांच्या पुढे जाऊ नये, अशी त्यांची अट असते. बँकेच्या दृष्टीने गाडी हे तारण असतं, आणि तीस वर्षांच्या गाडीचा भाव नक्की किती हे त्यांना ठरवता येत नाही. म्हणून हौसेच्या जुन्या गाडीला वाटा उरतात त्या अशा: वैयक्तिक कर्ज, सोनं तारण, स्वतःच्या मुदत ठेवीवर कर्ज, सोसायटीचं म्हणजे पतसंस्थेचं कर्ज, भिशी, नाहीतर नातेवाइकांकडून उसने.

यात मुदत ठेवीवरचं कर्ज सहसा सगळ्यात स्वस्त. ठेवीवर जे व्याज मिळतं त्याच्यापेक्षा एक-दोन टक्केच जास्त द्यावं लागतं. पण त्यासाठी आधी ठेव असावी लागते! वैयक्तिक कर्जाला तारण लागत नाही, म्हणून व्याज जास्त. भिशीत व्याज दिसत नाही, पण कुणी मध्येच पैसे भरायचं सोडलं तर दाद मागायला जागा नसते. नातेवाइकांचे पैसे बिनव्याजी खरे, पण प्रत्येक लग्नात 'गाडी कशी आहे रे?' हा प्रश्न ऐकायची तयारी लागते.

दादाने सोसायटी निवडली. आईच्या पाटल्या तारण ठेवायच्या, ९ टक्के 'फ्लॅट', तीन वर्षं. आई 'घे जा' म्हणाली. ती काय, नाही म्हणणार नव्हतीच.

नऊ टक्के म्हणजे किती टक्के?

या गणितासाठीच मी हा लेख लिहायला घेतला, म्हणून जरा सावकाश वाचा.

व्याज लावायच्या दोन पद्धती असतात. एकीत उरलेल्या मुद्दलावर व्याज लागतं. दर महिन्याला थोडं मुद्दल फिटतं, तसं व्याजही कमी होत जातं. याला घटत्या शिलकीची पद्धत म्हणतात. दुसरी 'फ्लॅट'. तिच्यात पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज लागतं. दीड वर्षात तुम्ही पंचाहत्तर हजार परत केलेले असतात, तरी व्याज मात्र दीड लाखावरच चालू असतं.

दीड लाख, ३६ महिने, असं धरून मी तीन हिशेब केले:

- ९ टक्के, घटत्या शिलकीवर: हप्ता साधारण ४,७७० रुपये, एकूण व्याज २१,७०० च्या आसपास.
- १४ टक्के, घटत्या शिलकीवर: हप्ता ५,१२७, एकूण व्याज ३४,५५० च्या आसपास.
- ९ टक्के, फ्लॅट: हप्ता ५,२९२, एकूण व्याज ४०,५००.

म्हणजे ऐकायला नऊ असलेला दर चौदा टक्क्यांपेक्षाही महाग! उलटा हिशेब केला तर हे ९ टक्के फ्लॅट घटत्या शिलकीच्या भाषेत सव्वासोळा टक्क्यांच्या जवळ जातात. दादाला दाखवलं तेव्हा तो आधी म्हणाला, "तुझं कॅल्क्युलेटर चुकलंय." मग स्वतः दोनदा करून बघितलं आणि गप्प बसला.

सोसायटीतल्या साहेबांनी काही लपवलं होतं असं नाही. 'फ्लॅट' हा शब्द त्यांनी उच्चारला होता. आम्हीच त्याचा अर्थ विचारला नव्हता. म्हणून कुठेही कर्ज घेताना दोन प्रश्न नक्की विचारा: "व्याज घटत्या शिलकीवर आहे का?" आणि "सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती?" रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला सहीआधी एक छोटं तथ्यपत्रक द्यावं लागतं. त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे सगळं धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. वेगवेगळ्या ठिकाणचा हाच आकडा शेजारी ठेवून बघायचा.

गाडीची किंमत म्हणजे गाडीचा खर्च नव्हे

दुसरा हिशेब कागदपत्रांचा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. दिल्ली परिसरासारखी सरसकट वयाची बंदी आपल्याकडे नाही, पण गाडी तपासणीत पास व्हायला हवी. नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीला ५,००० झाली आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाली. १९९६ची गाडी म्हणजे २०११, २०१६, २०२१ अशी नूतनीकरणं झालेली असणार, आणि पुढचं २०२६ मध्ये. म्हणजे घेतल्या घेतल्या तो खर्च आमच्या गळ्यात.

त्यात आपण सीमेवरचे लोक. बेळगावात राहून एमएच पासिंगची गाडी वर्षभराच्या वर ठेवता येत नाही. कायद्याप्रमाणे बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स. गडहिंग्लज जवळ वाटतं, पण आरटीओच्या लेखी ते परराज्यच!

कुणी म्हणेल, "व्हिंटेजमध्ये नोंदवा की." २०२१ साली तशी वेगळी सोय झाली आहे, पण ती पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना. नव्या नोंदणीची फी २०,००० आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर न्यायची. आमची पद्मिनी त्यात बसतच नव्हती. ती नुसती जुनी होती.

विमाही घ्यायलाच लागतो. १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीला थर्ड पार्टीचा हप्ता २०२२ साली ठरलेल्या दराने वर्षाला ३,४१६ रुपये, कर वेगळा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हवा असेल तर पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. ती किंमत आपल्या मनातल्या किमतीपेक्षा बरीच कमी निघू शकते. उद्या गाडी ठोकली तर कर्ज तेवढंच राहील आणि भरपाई मात्र तुटपुंजी.

आता मिस्त्री. उद्यमबागेजवळच्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना दादाने गडहिंग्लजला नेलं. त्यांनी खालून पत्रा बघितला, ऑइल बघितलं आणि सांगितलं, "इंजिन बरं आहे, पण फ्लोअरचा पत्रा गेलाय. पत्रा काम, रंग, टायर, रबरी पाइप सगळं धरून साठ हजार बाजूला ठेव." शिवाय वर्षाचा विमा, सर्व्हिस, बॅटरी, बारीकसारीक दुरुस्ती मिळून महिन्याला दोन हजार धरायला सांगितले. पेट्रोल वेगळंच.

म्हणजे एक लाख ऐंशी हजारांची गाडी, रस्त्यावर नीट उभी राहीपर्यंत अडीच लाखांच्या पुढची.

पगाराच्या कागदावर

एका रविवारी दादाला घेऊन बसले. पगार २६,०००. घरी देतो १२,०००. पेट्रोल, मोबाइल, चहापाणी, थोडी बचत मिळून ५,०००. उरतात ९,०००. हप्ता ५,२९२ आणि गाडीचे २,००० गेले की हातात १,७०८. त्यात साठ हजारांचं पत्रा काम कुठून करायचं? आणि एक महिना ओव्हरटाइम बंद झाला तर? हप्ता थकला तर गाडी जाणार नव्हती, आईच्या पाटल्या जाणार होत्या. इथे मात्र दादा उठून बाहेर गेला.

मग उलटा हिशेब मांडला. तेच ५,२९२ रुपये दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकले आणि साडेसहा टक्के व्याज धरलं, तर २७ महिन्यांत दीड लाखाच्या वर जातात. खिशातून जातात सुमारे १,४२,९००. कर्ज काढलं असतं तर तेच १,९०,५०० गेले असते. फरक साडेसत्तेचाळीस हजारांचा, म्हणजे पत्रा कामाचा मोठा भाग त्यातच निघाला. किंमत मोजायची ती एकच: सव्वादोन वर्षं थांबायचं, आणि तोवर ही गाडी राहील याची खात्री नाही.

मग कर्ज काढूच नये का?

तसं मी म्हणणार नाही. काही गाड्या पुन्हा मिळत नाहीत, आणि थांबून थांबून हौसच मरते हेही खरं. पण हौसेसाठी कर्ज काढायचं तर निदान एवढं बघावं:

१. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा बाजूला आहे का?
२. दुरुस्तीचे पैसे रोख हातात आहेत का? गाडीला कर्ज आणि दुरुस्तीला पुन्हा कर्ज, हे चक्र वाईट.
३. हप्ता अधिक देखभाल एवढी रक्कम तीन महिने आधीच बाजूला टाकून बघितली का? जमलं तर पुढेही जमेल.
४. मुदत जेवढी कमी तेवढं बरं. आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे सहीआधी विचारावं.
५. तारण कुणाचं आहे? हौस एकाची आणि तारण दुसऱ्याचं असेल, तर त्या दुसऱ्याला सगळे आकडे दाखवून मगच हो म्हणवून घ्यावं.
६. 'जुन्या गाडीचा भाव वाढतो' हे कारण धरू नये. वाढला तरी विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि हौशी माणूस विकतो कुठे?

आपलं साहित्य मंडळ आहे, म्हणून एक शब्दांची गंमत. 'हौस' अरबीतून आली, 'कर्ज'ही अरबीतूनच. 'हप्ता' फारसीतला, मूळ अर्थ आठवडा. आपण तो महिन्याला भरायला लागलो. आणि 'तारण' आपल्या 'तारणे' याच शब्दातलं. जे आपल्याला तारणार, तेच आपण गहाण टाकतो.

आमच्या घरी काय झालं? आईला शेवटी सगळे आकडे दाखवले. तिने दादाला एवढंच विचारलं, "तुझ्या आजोबांनी गाडी कशी घेतली होती, माहीत आहे?" आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ती सेकंडहँड घेतली होती, सात वर्षं पैसे साठवून.

गडहिंग्लजची गाडी दिवाळीच्या आधीच निपाणीच्या कुणीतरी घेतली. दादा पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दिवाळीत त्याने आवर्ती ठेव सुरू केली, आणि खात्याच्या पासबुकावर पेनाने 'पद्मिनी' लिहिलं. आता रविवारी तो त्याच मिस्त्रींकडे जाऊन कार्ब्युरेटर खोलायला शिकतो. पैसे लागत नाहीत, उलट चहा मिळतो.

पाटल्या आईच्या हातात आहेत. गाडी अजून यायची आहे. ती आली की पुढच्या अंकात फोटो देईन.