इराण्याच्या टेबलावरची फारसी

मुंबईतल्या इराणी हॉटेलांत मी वही घेऊन बसतो. फारसी रीतसर शिकलो नाही; जी थोडीफार आली ती कोश चाळून. सुरुवातीला माझी समजूत अशी, की शब्द फारसी म्हणजे पदार्थही इराणचा. ती चुकीची ठरली.

ब्रूनवरचा मस्का घ्या. फारसीत ‘मस्के’ म्हणजे लोणी. हा शब्द आपण इतका पचवला, की मराठीत खुशामतीलाही ‘मस्का लावणे’ म्हणतो.

फालुद्याचे तसे नाही. मूळ शब्द ‘पालूदे’. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘फ’ आला. शिराझचा फालुदा म्हणजे गुलाबपाण्याच्या अर्धवट गोठलेल्या पाकातल्या बारीक शेवया, वर लिंबू, दूध नाहीच. क्रॉफर्ड मार्केटसमोर मिळतो तो दुधाचा, सब्जा आणि आइस्क्रीम घातलेला. नाव टिकले, पेय बदलले.

उलट उदाहरण बॅलार्ड इस्टेटमधल्या, १९२३ साली सुरू झालेल्या ‘ब्रिटानिया’तले. तिथल्या बेरी पुलावातली आंबट लाल फळे म्हणजे इराणी ‘झेरेश्क’. इथे वस्तू आली आणि तिचे नाव मात्र इंग्रजी झाले.

म्हणजे एकट्या शब्दावर विसंबून खाद्येतिहास लिहिता येत नाही, चाखावेच लागते. धोबीतलावचे ‘बस्तानी’ बंद झाले, तशी आणखीही झाली. कोश उद्याही कपाटात असेल. चव मात्र हॉटेलाबरोबर जाते. तेव्हा वाचकहो, आधी खाऊन या, मग माझे म्हणणे तपासा.