कानउघाडणी : भाग ६ – उंदराच्या कानातली काच

हातोडी, ऐरण आणि रिकीब ही मध्यकर्णातल्या तीन हाडांची साखळी आपण गेल्या आठवड्यात पाहिली. हवेतून आलेला आवाज अंतर्कर्णातल्या द्रवावर आदळला, की जवळजवळ सगळाच माघारी फिरतो. साखळी दाब वीसेक पटींनी वाढवून त्याला आत ढकलते. वर्षानुवर्षं कान फुटत-वाहत राहिला, तर बहुधा ऐरणीची लांब दांडी आधी झिजते, कारण तिला रक्तच जेमतेम पोचतं. मग त्या जागी बसवायचं काय?

१९५० च्या दशकात जर्मनीत होर्स्ट वुलस्टाइन यांनी प्लास्टिकचा तुकडा बसवून पाहिला. ऐकू येण्यात सुधारणा झाली, पण पुढे शरीर तो बाहेर लोटू लागलं. पक्ष्यांचं एकाच हाडावर भागतं, तेव्हा एका कांडीवर काम होणार हे उघड होतं. अडत होतं ते कांडी कशाची करायची यावर.

वाट सापडली ती कानाशी संबंध नसलेल्या ठिकाणी. फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच १९६७ साली एका परिषदेला बसने निघाले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला लष्करी अधिकारी. शरीर धातू-प्लास्टिक झिडकारतं म्हणून जवानांचे हातपाय कापावे लागतात, असं त्याचं म्हणणं होतं. झिडकारलं जाणार नाही असं काही बनवता येईल का, असं त्याने विचारलं. हेंच यांनी सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची काच बनवली. उंदरांच्या मांडीच्या हाडात ती बसवली आणि सहा आठवड्यांनी ओढून पाहिली, तर निघेना! काचेच्या पृष्ठभागावर हाडातल्याच खनिजाचा थर तयार होतो आणि हाड त्याला चिकटतं. मऊ ऊतीही तिला धरून राहतात, आणि पडद्याला टेकणाऱ्या कांडीसाठी तेच महत्त्वाचं. १९८२ साली मर्विन, हेंच आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या कानात वेगवेगळ्या पदार्थांची तुलना प्रसिद्ध केली. १९८५ मध्ये अमेरिकेत या काचेच्या पहिल्या वैद्यकीय वस्तूला परवानगी मिळाली, ती मध्यकर्णातल्या हाडाच्या जागी बसवायची होती.

माझ्या मते मात्र प्राण्यांवरच्या प्रयोगांचं हे यश अर्धं आहे. पदार्थ शरीराला पचतो का, याचं उत्तर उंदीर चोख देतो. रुग्णाला किती ऐकू येईल, हे तो सांगू शकत नाही. त्याचा कान आपल्या बोलण्याच्या पट्टीपेक्षा कितीतरी वरच्या आवाजांसाठी घडलेला. गिनीपिगमध्ये तर हातोडी आणि ऐरण एकजीवच असतात, तिथे त्यांच्यामधला सांधा दुरुस्त करायचा कसा? शिवाय प्रयोगातला प्राणी बहुतेक वेळा निरोगी कानाचा. रुग्णाच्या कानात जुना पू असतो, घसा आणि कान जोडणारी नळी तुंबलेली असते, आणि कितीतरी शस्त्रक्रिया तिथेच फसतात.

आज टायटॅनियमची कृत्रिम हाडं सर्रास वापरली जातात. म्हणूनच त्यांची कंपनं मोजायला देहदानातून मिळालेले माणसाचे कान लागतात. ते मोजमाप लेझरने कसं करतात, ते पुढच्या आठवड्यात पाहू.