शाळेच्या अंगणातील कोरफड

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली म्हणजे बागेची जी अवस्था दृष्टीस पडते, ती खेड्यातील शिक्षकांना नव्याने सांगावयास नको. गुलाब, शेवंती, तुळस, सारेच वाळून गेलेले असते. मुलांनी वर्षभर घागरी वाहून घातलेल्या पाण्याचे फळ हाती राहत नाही. अशा बागेत कोरफड मात्र बहुधा तग धरून असते. नवल असे की, सुट्टीभर पाण्यावाचून राहिलेले हेच झाड शाळा सुरू होऊन पाणी घालण्याच्या पाळ्या लागल्या म्हणजे थोड्याच दिवसांत कुजू लागते.

याचे कारण झाडाच्या घडणीत आहे. कोरफडीचे मूळ स्थान अरबस्तानचा कोरडा प्रदेश होय. तिच्या पानांच्या पोटात पाण्याचा साठा असतो व वरून मेणचट साल असते. इतर बहुतेक झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात. कोरफड ती मुख्यतः रात्री उघडते. रात्रीच्या गारव्यात ती कार्बन डायऑक्साइड वायू आत घेऊन आम्लाच्या रूपाने साठविते आणि दिवसा रंध्रे मिटून सूर्यप्रकाशात त्याचे अन्न बनविते. त्यामुळे पाण्याची वाफ फार थोडी बाहेर जाते. दृष्ट लागू नये म्हणून काही घरांच्या दाराला कोरफड उलटी टांगतात व ती कित्येक आठवडे हिरवी राहते, हे मुलांनी पाहिलेले असते. त्या समजुतीविषयी वाद न घालता शिक्षकांनी जास्वंदीची एक डहाळी व कोरफडीचे एक पान शेजारी शेजारी दोरीस बांधून ठेवावे आणि रोज काय फरक पडतो ते मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे. पर्णरंध्रांचा धडा मग सोपा जातो.

साठा करणाऱ्या झाडास रोज पाणी मिळाले तर ते मुळांभोवती साचते. मुळे उथळ असतात व त्यांना हवा लागते. ती न मिळाल्यास मुळे गुदमरतात आणि बुरशी त्यांत शिरते. म्हणून काळ्या मातीच्या गावी कोरफड सपाट जमिनीत लावू नये. उंच वरंब्यावर लावावी. कुंडी पसरट घ्यावी, तळाच्या भोकावर खापरी ठेवावी आणि निम्मी माती व निम्मी जाड रेती किंवा विटांचा बारीक चुरा असे मिश्रण भरावे. पाणी केव्हा घालावे, हे दिवस मोजून ठरविण्यापेक्षा बोटाने ठरवावे. दोन पेरांपर्यंत बोट मातीत घालून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, मात्र ते भरपूर द्यावे. उन्हाळ्यात हे साधारण 8 ते 10 दिवसांनी येते, थंडीत 3 ते 4 आठवड्यांनी. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नये.

पाने पातळ होऊन आत वळली, तर झाड तहानले आहे असे समजावे. पाण्याने ते सुधारते. पाने मऊ व पाणचट होऊन बुंधा तपकिरी पडला, तर पाणी अधिक झाले आहे. अशा वेळी झाड उपटून कुजका भाग काढून टाकावा, उरलेले आठवडाभर सावलीत सुकू द्यावे व कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावे. बुंधा आतून पांढरा व घट्ट असेल, तर झाड वाचण्याचा संभव असतो.

झाडे वाढविण्यासाठी बी शोधू नये. कोरफडीस पिवळ्या फुलांचा दांडा येतो, पण बी क्वचितच धरते. पान तोडून मातीत खोचण्याचा प्रयोग मुले हटकून करतात. ते पान बहुधा सडते. बुंध्याजवळ येणारी पिल्ले हेच खरे बेणे. पिल्लू वीतभर उंच झाले व त्यास स्वतःची मुळे दिसू लागली, की ते मुळांसह अलग करावे. जोराची झड ओसरल्यावर, ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, हे काम चांगले साधते. काढलेले पिल्लू तसेच मातीत घालण्याची घाई करू नये. जखम सुकण्यासाठी ते 2 ते 3 दिवस सावलीत ठेवावे, मग लावावे आणि पुढे 4 ते 5 दिवस पाणी देऊ नये. हे 4 ते 5 दिवस सांभाळणे मुलांना सर्वांत जड जाते. कोवळ्या पिल्लांवर पांढरे ठिपके असतात. तो रोग नव्हे. सावलीतील रोप एकदम कडक उन्हात नेल्यास पाने तांबूस पडतात, म्हणून ते क्रमाक्रमाने न्यावे.

बांधावरचे घायपातही दिसावयास असेच असते. मुले ते कोरफड म्हणून उचलून आणतात. त्याचा रस अंगास लागल्यास आग होते. पान मोडून पाहावे: घायपातात बळकट तंतू निघतात, कोरफडीत बुळबुळीत गर.

औषधी उपयोगाविषयी सावध राहणे आवश्यक आहे. सालीच्या लगत आतल्या बाजूस कडू पिवळा चीक असतो. तोच वाळवून काळा बोळ होतो आणि तो तीव्र रेचक आहे. शाळेत कोणत्याही मुलास कोरफड पोटात घेण्यास देऊ नये. गरोदर स्त्रियांनी तर ती वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊच नये, हे पालकांच्या सभेतही सांगावे. वर्गात गर दाखवावयाचा असेल, तर बाहेरच्या बाजूचे एखादेच जुने पान कापावे व चीक निथळण्यासाठी ते काही वेळ उभे धरावे. मधली कोवळी पाने तोडू नयेत.

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी कुंड्यांना एकदा भरपूर पाणी द्यावे व दुपारचे ऊन न येणाऱ्या भिंतीच्या आडोशास त्या सरकवून ठेवाव्यात. शाळा उघडल्यावर पाण्याची पाळी लावण्यापूर्वी बोट घालून माती पाहावी आणि त्या दिवशी पाणी दिले अथवा दिले नाही, याची नोंद पाळीच्या मुलाकडून वहीत करून घ्यावी.