फळांची साठवण व चर्चमधील भित्तिचित्रे : प्रयोगशाळेचे साहाय्य

अढीतील आंबे आणि जुन्या चर्चच्या भिंतीवरील चित्र यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंची हानी करणारी कारणे शोधू गेल्यास ती बव्हंशी समान असल्याचे आढळते. उष्णता, आर्द्रता, हवेतील वायू आणि बुरशी ही ती कारणे होत. त्यांचे मोजमाप करून त्यांवर उपाय योजणे हे प्रयोगशाळेचे कार्य आहे.

फळाचे श्वसन

झाडावरून उतरविल्यानंतरही फळाचे श्वसन चालूच राहते. ते प्राणवायू घेते, आतील साठा खर्ची घालते आणि कार्बन डायऑक्साइड व उष्णता बाहेर टाकते. केंब्रिज येथील फ्रँकलिन किड व सिरिल वेस्ट या शास्त्रज्ञांनी 1920 नंतरच्या दशकात सफरचंदांवर प्रयोग केले. पिकण्याच्या सुमारास हे श्वसन एकाएकी वाढते, आणि थंड कोठीत प्राणवायूचे प्रमाण कमी व कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बेताने अधिक ठेवल्यास फळ पुष्कळ दिवस टिकते, असे त्यांना दिसून आले. पिकणारे सफरचंद स्वतःच इथिलीन वायू निर्माण करते, हे 1934 साली सिद्ध झाले. एक पिकलेला आंबा शेजारच्या कच्च्या आंब्यांना पिकवितो, या घरोघरच्या अनुभवाचे हेच कारण होय.

मात्र सफरचंदाचा नियम आंब्यास लागू पडत नाही. सफरचंद शून्य अंशाच्या आसपास सुरक्षित राहते. कच्चा आंबा सुमारे 12 अंश सेल्सिअसच्या खाली फार काळ ठेवल्यास त्याच्या सालीवर डाग पडतात, तो नीट पिकत नाही व त्यास स्वाद येत नाही. मानकुरादासारखा मोलाचा आंबा केवळ अधिक थंडीने वाया जाऊ शकतो.

फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक व फॉस्फरस यांच्या विषारी संयुगांचा अंश असू शकतो. त्याऐवजी बंद कोठीत दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत इथिलीन वायू वापरण्यास अनुमती आहे.

भिंतीतील क्षार

ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग दिला असता चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कठीण होतो व रंगाचे कण त्यात घट्ट धरले जातात. अशा चित्राचा मोठा शत्रू म्हणजे भिंतीतील ओल व तीबरोबर येणारे क्षार. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की साधे मीठ पाणी शोषून विरघळते. ती खाली आली की त्याचे पुन्हा स्फटिक होतात. ही क्रिया वारंवार घडल्याने गिलावा आतून फुटतो व रंगाचे पापुद्रे सुटतात. जांभ्या दगडाच्या भिंती आणि दीर्घ पावसाळा असलेल्या गोव्यात हा धोका विशेष आहे. जुन्या गोव्यातील संत मोनिका मठाच्या भित्तिचित्रांसारखा ठेवा त्यामुळेच जपावा लागतो.

इटलीतील फ्लॉरेन्स येथे 4 नोव्हेंबर 1966 रोजी आलेल्या महापुराने अनेक चर्चमधील भित्तिचित्रे भिजली. तेथील रसायनशास्त्रज्ञ एन्झो फेरोनी व चित्रसंरक्षक दिनो दिनी यांनी एक पद्धत अवलंबिली. प्रथम अमोनियम कार्बोनेटने गिलाव्यातील जिप्समचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेटमध्ये करावयाचे. नंतर बेरियम हायड्रॉक्साइड लावावयाचे. त्यामुळे उरलेला सल्फेट अविद्राव्य होतो आणि ठिसूळ झालेल्या गिलाव्यास पुन्हा बळकटी येते. अर्थात हे काम तज्ज्ञांनीच करावयाचे असते.

आपले कर्तव्य

बागायतदारांनी आंबा देठासह उतरवावा, चीक सालीवर पडू देऊ नये आणि पिकलेली व नासकी फळे वेगळी काढावीत. चर्चची देखभाल करणाऱ्यांनी छपराची कौले व पन्हळी पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करून घ्याव्यात. जुन्या चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देऊ नये. त्याने ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो व क्षारांची भर पडते. चित्र पाण्याने धुऊ नये, त्यावर सफेदी फासू नये. पापुद्रे सुटू लागताच पुरातत्त्व खात्यास कळवावे.

शिक्षकांना हे दोन्ही विषय वर्गात सहज दाखविता येतील. मिठाच्या पाण्यात विटेचे एक टोक बुडवून ठेवल्यास काही दिवसांत तिच्या वरच्या भागावर पांढरा थर दिसू लागतो. पिकलेल्या केळ्यासह कागदी पिशवीत ठेवलेले कच्चे फळ उघड्यावरील फळापेक्षा लवकर पिकते. नासलेल्या फळाची भरपाई पुढील हंगामात होऊ शकेल. गळून पडलेले चित्र मात्र पुन्हा मिळणार नाही. म्हणून दोहोंच्या बाबतीत वेळीच घेतलेली काळजी हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.