डोळे असून शब्दांध

वाचणें ही क्रिया आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते कीं, तींत कांहीं नवल आहे असें कोणास वाटतच नाहीं. परंतु मूल बोलणें जसें आईच्या मांडीवर आपोआप शिकतें, तसें वाचणें शिकत नाहीं. मनुष्य बोलूं लागल्यास युगें लोटलीं. लेखनकला मात्र सुमारें ५,००० वर्षांची. म्हणून वाचनासाठीं मेंदूंत जन्मतः निराळी जागा राखलेली नसते. वस्तू ओळखण्याचें काम करणारा त्याचा एक भाग अभ्यासानें अक्षरें ओळखावयास शिकतो. ही गोष्ट कशी उघडकीस आली, त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

१८८७ सालीं फ्रान्समधील एका सुशिक्षित व्यापाऱ्यास अकस्मात् आढळून आलें कीं, आपणांस एकही शब्द वाचतां येत नाहीं. त्याची दृष्टि बरीच शाबूत होती. भोवतालच्या वस्तू तो ओळखी. बोलणें अस्खलित होतें. तो पत्रही लिहूं शके. परंतु स्वतःच लिहिलेलें त्याच्यापुढें धरलें असतां त्यास तें वाचतां येत नसे! अक्षराच्या वळणावरून बोट फिरविलें म्हणजे मात्र तें अक्षर त्याच्या ध्यानांत येई. १८९२ सालीं तो वारल्यावर ज्यूल देजरीन या वैद्यानें त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूचा मागील भाग, तसाच मेंदूच्या दोन अर्धांस जोडणाऱ्या तंतूंचा मागचा भाग, दुखावलेला होता. अक्षरांचें भांडार शाबूत होतें. डोळ्यांकडून तेथें जाणारी वाटच तुटली होती.

हा झाला मोठ्या माणसाचा प्रसंग. कांहीं मुलांना मात्र ही अडचण जन्मतःच असते. इंग्लंडांतील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनीं १८९६ सालीं एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळांत कोणास हार न जाणारा. ७४९ गुणिले ८६७ हें उदाहरण त्यानें झटपट व बरोबर सोडविलें. परंतु वर्षानुवर्षें शिकवूनही त्यास सोपे शब्द वाचतां येत ना. स्वतःचें ‘पर्सी’ हें नांव लिहितांनाही तो अक्षरांची उलटापालट करी. सर्व शिक्षण तोंडीं असतें तर हाच शाळेंतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असें त्याच्या शिक्षकाचें मत होतें. अशा अडचणीस आज डिस्लेक्सिया म्हणतात. ती बुद्धीची उणीव नव्हे, आळसही नव्हे.

मग वाचतांना मनांत घडतें तरी काय? जॉन मार्शल व फ्रीडा न्यूकम यांनीं १९७३ सालीं मेंदूस इजा झालेल्या लोकांच्या चुका तपासून दाखविलें कीं, वाचनाच्या वाटा दोन आहेत. अनोळखी गांवाचें नांव आपण अक्षरांस अक्षर जुळवून उच्चारतों. ही पहिली वाट. ‘शाळा’ हा शब्द मात्र दिसतांच अर्थासह मनांत उभा राहतो, ही दुसरी. एक वाट बंद पडली तर रोगी दुसरीवर भिस्त ठेवतो, आणि त्याप्रमाणें त्याच्या चुकाही निराळ्या होतात.

आपली देवनागरी उच्चारास बरीच धरून आहे, तरी आपणांसही दोन्ही वाटा लागतात. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ एकच दिसतो, पण उच्चार भिन्न. ‘पाणि’ म्हणजे हात आणि ‘पाणी’ म्हणजे जल. बोलतांना कानास फरक फारसा कळत नाहीं, तो शब्दाचें रूप ध्यानांत ठेवूनच लिहावा लागतो. शिवाय ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत मागून येते व कागदावर आधीं. लहान मुलें येथें अडखळतात यांत आश्चर्य तें काय?

गेलेली भाषा परत मिळते काय? पुष्कळदां बरीच मिळते. १७४५ सालीं स्वीडनमधील ओलोफ दालिन यानें अशा एका माणसाची नोंद केली कीं, ज्याची वाचा जवळजवळ गेली होती, पण पूर्वीं पाठ असलेलीं भक्तिगीतें तो शब्दांसह गाई. याच धाग्यावर १९७३ सालीं बॉस्टन येथील वैद्यांनीं एक उपचार सुचविला: वाक्य आधीं सुरांत म्हणावयाचें, डाव्या हातानें ताल धरावयाचा, आणि हळूहळू सूर सोडून साध्या बोलण्यावर यावयाचें. सर्वांनाच त्याचा सारखा गुण येतो असें नाहीं. परंतु मेंदूची एक वाट मोडली तरी दुसरी रुळवितां येते, हें त्यावरून दिसतें. पहिल्या कांहीं महिन्यांत सुधारणा झपाट्यानें होते. पुढेंही सरावानें ती चालूं राहूं शकते.

पालकहो, आपलें मूल इतर गोष्टींत चुणचुणीत असून वाचनांत सतत मागें पडत असेल, तर छडी हा त्यावर उपाय नव्हे. प्रथम त्याचे डोळे व कान तपासून घ्यावे, मग जाणत्याचा सल्ला घ्यावा. एकेक ध्वनि व त्याचें अक्षर क्रमानें शिकवावें. पूर्वीं धूळपाटीवर गिरवीत तसें बोटानें गिरवूं द्यावें. रोज थोडें, पण नेमानें वाचून घ्यावें. महाराष्ट्रांत अशा मुलांस रीतसर दाखला मिळाल्यास शालान्त परीक्षेंत जादा वेळेची सवलत असते. ती मागण्यांत लाज कसली?

आणि विद्यार्थिमित्रहो, वर्गांत कोणी अडखळत वाचूं लागला तर हंसूं नका. तुम्हीं सहज चालून आलेली वाट तो कांटे वेंचीत चालत आहे. त्याच्या शेजारीं बसा आणि एक ओळ त्याच्याबरोबर वाचा.