पडदा का गोठतो?

शाळेच्या निकालाचा संगणकीय कार्यक्रम घेऊ. ‘निकाल काढा’ हे बटण आपण दाबतो आणि पडदा गोठतो. माउसचा बाण हलतो, पण दुसरे कोणतेही बटण चालत नाही. असे का?

बहुतेक कार्यक्रमांत पडदा रंगवणे आणि माउस-कळफलकाची दखल घेणे ही कामे एकाच ‘थ्रेड’वर, म्हणजे एकाच रांगेत, एकामागून एक होतात. पडदा सेकंदाला 60 वेळा रंगवायचा, तर प्रत्येक खेपेला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. त्याच रांगेत 3 सेकंदांचे गणित घुसले, की सुमारे 180 खेपा हुकतात.

यावर उपाय म्हणजे जड काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवणे. ब्राउझरमध्ये ते ‘वेब वर्कर’ करतो. तो पडद्याला हात लावत नाही; काम झाले की फक्त निरोप धाडतो. निरोपाने माहिती बदलते आणि माहिती बदलली की पडदा आपोआप बदलतो. हीच ‘रिॲक्टिव्ह’ पद्धत.

पण येथे एक खोच आहे. आपण आधी हजेरी क्रमांक 12चे गुण मागवले, लगेच 21चे. 21चे आधी आले, 12चे मागाहून. मागाहून आलेला निरोप तसाच स्वीकारला, तर 21च्या नावापुढे 12चे गुण दिसतील! म्हणून प्रत्येक मागणीला अनुक्रमांक द्यायचा आणि शेवटच्या मागणीचा नसलेला निरोप टाकून द्यायचा.

वर्गात एकाला फळ्यापाशी उभे करून, दोघांना निरोप्ये बनवून हा खेळ करून पाहा. चूक कोठे होते, ते मुलेच सांगतील.