मैत्री तोंडी, भागीदारी लेखी

"ताई, कोर्टात केस टाकायची आहे," असे म्हणत एक भगिनी माझ्या ऑफिसात आल्या. केस कुणावर? तर ज्या मैत्रिणीबरोबर चार वर्षे भाजणी, मसाले आणि चिवड्याचा धंदा केला तिच्यावर! दुसऱ्या दिवशी ती मैत्रीणही आली. तिचीही मागणी तीच. दोघींची ओळख एकाच बचत गटातली. एकीने चाळीस हजार रुपये घातले होते, दुसरीने स्वतःचे स्वयंपाकघर आणि अंगमेहनत. पहिली म्हणे, भांडवल माझे. दुसरी म्हणे, पहाटे चारला उठून भाजले कुणी? हिशेब कुठे आहे म्हणून विचारले तर मुलीच्या शाळेची जुनी वही पुढे आली. मागच्या पानापासून लिहिलेली, मधली पाने फाटलेली.

खोटे कुणीच बोलत नव्हते. मी दोघींनाही सांगितले, केस कुणाचीच घेणार नाही, रविवारी एकत्र या.

आपल्या बायकांचा धंदा बुडाला की लोक म्हणतात, बायकांचे बायकांशी पटत नाही. हा शुद्ध कांगावा आहे. पुरुषांच्या भागीदाऱ्या मोडत नाहीत काय? दिवाणी न्यायालयांतले दावे जाऊन पाहा. फरक इतकाच की त्यांच्याकडे बहुधा कागद असतो, आपल्याकडे शपथा असतात.

आणि कागद नसला की कायदा काय करतो, हे भगिनींनी नीट समजून घ्यावे. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे, वेगळे ठरलेले नसेल तर नफा आणि तोटा सर्वांना सारखा. इथपर्यंत ठीक. पण त्याच कलमाप्रमाणे, करार नसेल तर धंद्यात राबण्याबद्दल भागीदाराला मेहनताना मागता येत नाही! म्हणजे पहाटे चारला उठणारीच्या कष्टाची किंमत शून्य. पैसे घालणारीलाही, ठरलेले नसेल तर, भांडवलावर व्याज नाही. कलम २५ प्रमाणे धंद्याच्या कर्जाला मात्र दोघी एकत्र आणि एकेकटीही जबाबदार. एक पळाली तर सगळी वसुली दुसरीकडून होऊ शकते.

कलम ६९ तर त्याहून कठोर. फर्मची नोंदणी नसेल तर माल नेऊन पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर त्या कराराच्या आधारे दावा लावता येत नाही. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्याला सूट आहे. शंभर रुपयांसाठी वकील कोण लावणार? भागीदारी मोडून हिशेब मागण्याचा हक्क केंद्रीय कायद्याने नोंदणी नसतानाही ठेवला आहे. महाराष्ट्राने १९८४ साली दुरुस्ती करून त्यावरही बंधन घातले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. माझ्या दोन अशिलांना तेवढी एकच वाट मोकळी होती, आणि ती धंदा मोडण्याची.

लिज्जत पापडाचे उदाहरण सगळेच देतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे पाठ असते. पण हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह पहिल्यापासून होता आणि १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, हे कुणी सांगत नाही. तिथे प्रत्येक भगिनी मालक आहे, आणि ती मालकी कुणाच्या मर्जीवर सोडलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला आपण संकोचतो. धंदा दोघींचा, पण पाकिटावर नाव एकीचे. का? तर दुसरीचे आडनाव वाचून गिऱ्हाईक मागे फिरते म्हणून! खाण्याच्या पदार्थात हे अजून घडते, मी पाहिले आहे. मला ही तडजोड मान्य नाही. पण पोटासाठी केली तर केली. मात्र अशा वेळी अन्न परवाना कुणाच्या नावे, ट्रेडमार्क कुणाचा, बँक खात्यावर सह्या किती, हे आधी लिहून घ्या. नाहीतर धंदा नावारूपाला आला की परवानाधारक मालकीण होते आणि राबणारी पुन्हा मजूर. नवऱ्यांनाही हेच लागू. सही बायकोची आणि चेकबुक नवऱ्याच्या खिशात, अशी फर्म महिलांची कशी म्हणायची?

रविवारी दोघी आल्या. तीन तास भांडल्या, मग चहा झाला. आता भागीदारीपत्राचा मसुदा तयार आहे. राबणारीला दरमहा ठरावीक मेहनताना, मग उरलेला नफा निम्मा-निम्मा, खात्यावर दोघींच्या सह्या, आणि एक भागीदार वारली तर तिचा वाटा कुणाला, किती मुदतीत द्यायचा हेही. हे शेवटचे कलम वाचताना दोघी गप्प झाल्या होत्या. नोंदणीबरोबर उद्यम नोंदणीही करायला सांगितली आहे. मोठ्या खरेदीदाराने पैसे थकवले तर २००६ च्या लघुउद्योग कायद्याखाली व्याजासह मागता येतात, आणि लेखी करारातही पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही.

फर्मच्या नावावरून मात्र अजून एकमत नाही. दोघींनाही आपापल्या मुलीचे नाव हवे आहे. अर्ज तेवढ्यासाठी माझ्या टेबलावर पडून आहे.